कारध्याच्या वरल्या अंगाला

पावसाळा लागला की भंडाऱ्याच्या माणसाचा एक कान कारध्याकडे असतो. वैनगंगेचे पाणी किती चढले हे कारध्याच्या पुलाजवळ मोजतात, आणि २४५.५० मीटर हा आकडा या भागात फार वजनाचा आहे. तेवढी पातळी गाठली की नदी धोक्याच्या खुणेवर आली. शहर पश्चिम काठावर, कारधा पूर्व काठावर, आणि दोहोंना जोडणारा महामार्गाचा उंच पूल. शेजारचा ब्रिटिशांच्या वेळचा ठेंगणा पूल मात्र मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असाच पूर आला. भंडाऱ्याच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि कारध्याचा आकडा तोंडोतोंडी झाला.

आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. ते पाणी कोणत्या मुलखातून येते, याची आठवण मात्र क्वचितच निघते. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटातून खाली येते, काही अंतर गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते, वाटेत बाघ आणि बावनथडी या नद्यांना पोटात घेते आणि मग तुमसर, मोहाडी करत कारध्याला पोहोचते. दोन्ही काठांना धानाच्या बांध्या, बांध्यांच्या डोक्यावर तलाव, तलावांच्या मागे रान. महाराष्ट्रात उरलेले जवळजवळ सगळे सारस पक्षी याच वरल्या अंगाला राहतात. त्यातले बहुतेक गोंदिया जिल्ह्यात. भंडारा जिल्ह्यात गेल्या काही वर्षांच्या गणनांत ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले आहेत.

उडणाऱ्या पक्ष्यांत सारस जगात सर्वांत उंच. पुरा वाढलेला पक्षी मान ताठ करून उभा राहिला की जवळजवळ सहा फूट भरतो. अंग राखाडी, पाय गुलाबी, डोके आणि मानेचा वरचा भाग उघडा आणि लालभडक. धानाच्या हिरव्या बांधीत जोडी उभी असेल तर ते लाल ठिपके फर्लांगभरावरून दिसतात. नर एक लांब हाक देतो, मादी त्याला दोन आखूड हाकांची जोड देते, आणि ही जुगलबंदी सकाळच्या शांततेत शिवारभर ऐकू जाते.

विणीचा हंगाम पावसाळ्यातला, म्हणजे रोवणीच्या आगेमागे. गुडघाभर पाण्यात, तलावाच्या उथळ कडेला किंवा सरळ धानाच्या बांधीतच, जोडी गवत, लव्हाळे, धानाची रोपे उपटून त्यांचा ढीग रचते. ढीग दीड-दोन मीटर रुंद आणि पाण्याच्या वर हातभर उचललेला. त्यावर बहुधा दोन अंडी. मुसळधार पाऊस होऊन पाणी चढू लागले तर नर-मादी दोघेही आजूबाजूचे गवत ओढून आणतात आणि घरट्याखाली, कडेला कोंबत त्याला उंच करत नेतात. महिनाभर दोघे आळीपाळीने अंडी उबवतात. पिल्ले बाहेर आली की एक-दोन दिवसांतच आईबापांच्या मागे पाण्यातून चालू लागतात. दोन्ही पिल्ले जगणे हे नशीब. बऱ्याचदा एकच मोठे होते. म्हणून एखाद्या जोडीचे घरटे मोडले तर त्या वर्षाची सारी कमाई गेली, आणि जिथे सारसच मोजके उरले आहेत तिथे एकेका घरट्याची किंमत फार मोठी असते.

या पक्ष्याचा माणसाशी संबंध जुना आहे. वाल्मीकींच्या शोकातून पहिला श्लोक जन्मला तो क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी व्याधाने मारला म्हणून. तो क्रौंच म्हणजे सारसच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बादशहा जहांगीराने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्याकडच्या सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. त्यांनी अंडी कधी घातली, उबवायची पाळी कशी बदलली, पिल्लांना काय भरवले हे त्याने आपल्या आत्मचरित्रात बारकाईने लिहून ठेवले. सारसाच्या विणीची इतकी नेटकी नोंद त्याआधीची सापडणे कठीण. एक जोडीदार मेला की दुसरा झुरून मरतो, ही समजूत देशभर आहे. शास्त्राच्या कसोटीवर ती पूर्ण उतरत नाही, पण तिने एक मोठे काम केले. उत्तर भारतात आणि गुजरातेत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सारसावर हात उचलला नाही, यामागे त्या समजुतीचा वाटा आहे.

भंडाऱ्याच्या बाजूला मात्र सारसाची कहाणी पक्ष्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते मातीच्या पाळीपासून.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाला, त्याआधी तर ही ओळख अधिकच खरी होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जुने तलाव सहा हजारांच्या वर भरतात. कागदोपत्री त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात ‘मामा तलाव’. शेतातल्या लहान तळ्याला इथे बोडी म्हणतात, आणि त्या बोड्या या हिशेबात धरलेल्या नाहीत.

हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची रीत घातली होती. अशा जमिनीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपुरात तुकूम हे वस्तीचे नाव आजही चालू आहे. बांधणारे हात मुख्यतः कोहळ्यांचे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळी समाजाची ओळखच वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारे लोक अशी दिली आहे. जमिनीचा उतार कुठून कुठे जातो, पाणी कुठे थांबेल, पाळ कोणत्या दोन टेकड्यांना जोडावी, हे ते नजरेने ठरवत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे जुने गॅझेटियर सांगते. पाळ बांधणारा हा पाटील पुढे देव झाला. कोलासूर म्हणून त्याचे ठाणे तलावाकाठच्या टेकडीवर आहे. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा मुलूख पाण्याकडे कशा नजरेने पाहत असेल, हे त्या एका ठाण्यावरून समजते.

जुना तलाव नीट पाहिला तर तो सारसासाठीच आखल्यासारखा वाटतो. पाळीजवळ पाणी खोल, कमळाचे आणि शिंगाड्याचे. तिथून मागे रानाकडे जावे तसे ते उथळ होत जाते. कमरेइतके, गुडघ्याइतके, घोट्याइतके. उथळ पाण्यात देवधान, लव्हाळे, कंद धरणारी पाणगवते. त्यापलीकडे नुसता ओला चिखल, मग गुरे चरायचे गवत. पाळीच्या खालच्या अंगाला दगडी मोरीतून पाणी सुटते ते बांध्यांमध्ये, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, धुऱ्याधुऱ्याने उतरत. भिजणीमुळे आणि उन्हामुळे तलाव आटत जातो तशी काठाची ओली पट्टी रोज थोडी आत सरकते, आणि दर दिवशी नवा चिखल उघडा पडतो. त्यात गोगलगायी, किडे, लहान मासे, बेडूक, मऊ मातीतले कंद.

सारस हे सगळे खातो. चोच मातीत खुपसून कंद उकरतो, धुऱ्यावरचे टोळ टिपतो, कापणीनंतर पडलेले धान वेचतो. त्याला खोल पाणी नको, कोरडे रानही नको. वीण उथळ पाण्यात, पिल्लांचे खाणे बांधीत, रात्रीचा मुक्काम पाण्यात उभे राहून, आणि उन्हाळ्यात तलाव आटले की नदीच्या उथळ पात्राकडे धाव. वर्षभराच्या जगण्याला त्याला तलाव, बांधी, गवत आणि नदी अशी चारही ठिकाणे लागतात, आणि तीही एकमेकांच्या उडत्या अंतरावर. यातले एक बिघडले तरी सारसाचे वर्ष मोडते.

ही साखळी राखण्याचे काम पूर्वी गावच करत असे. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून बैलबंडीने बांध्यांत टाकायचा. तलाव खोल राहायचा आणि शेताला खत मिळायचे. पाळीची डागडुजी पावसाआधी. मासे ढिवरांचे, म्हणजे मासेमार समाजाचे, शिंगाडाही त्यांचाच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मालगुजारी ही काही न्यायाची व्यवस्था नव्हती. मालगुजार वसुली करत, त्यात जुलूमही होत असे. पण तलाव चालू ठेवण्यात मालगुजाराचा स्वार्थ होता, कारण धान पिकले तरच सारा मिळायचा.

१९५० मध्ये जमीनदारी आणि मालगुजारीचे मालकी हक्क संपवणारा कायदा तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात झाला, आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. भंडारा त्या काळी त्याच राज्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. मालगुजार गेला हे बरेच झाले. त्याच्याबरोबर तलावाची रोजची काळजीही गेली, हे फार उशिरा ध्यानात आले. गाळ साचत गेला, मोऱ्या फुटल्या, पाळींवर झुडपे माजली. उथळ कडा तर सर्वांत आधी गेल्या, कारण पाणी उतरले की तिथली जमीन मोकळी दिसते आणि नांगर तिथवर सरकत जातो. उरलेल्या कडेला बेशरम पसरली. गुलाबी फुलांचे हे झुडूप गुरे खात नाहीत, पाण्यात मरत नाही आणि उन्हात सुकत नाही. बेशरमीच्या दाट जाळीत सारस उतरू शकत नाही, कारण त्याला उडताना चार पावले धावायला मोकळी जागा लागते.

मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काढलेल्या दिवसांतून मराठी वाचकांना या मुलखातले पक्षी घरच्या माणसांसारखे ओळखीचे झाले. ते लिहीत होते त्याच काळात सारसाचा तळ मात्र एकेका तलावावरून उठत होता.

२००४ मध्ये गोंदिया जिल्ह्यात सारस मोजले तेव्हा चार सापडले.

चार म्हणजे दोन जोड्या. गोंदियातल्या ‘सेवा’ या संस्थेच्या निसर्गप्रेमींनी या चारांचा माग काढायला सुरुवात केली. सावन बहेकार आणि त्यांचे सहकारी पहाटे परसवाडा, झिलमिली अशा तलावांच्या काठी बसू लागले. सारस कुठे उतरतो, रात्री कुठे थांबतो, घरटे कोणाच्या बांधीत बांधतो याच्या नोंदी होऊ लागल्या. नोंदींतून एक गोष्ट लख्ख दिसली. घरटी राखीव जंगलात नव्हती, अभयारण्यात नव्हती; बरीचशी खाजगी शेतात होती, ज्याचा सातबारा कोणा शेतकऱ्याच्या नावे आहे अशा बांधीत.

त्यामुळे कामाची दिशाच बदलली. ज्याच्या बांधीत घरटे, त्याच्या घरी जाऊन बसायचे. रोपे उपटली म्हणून शेतकरी चिडलेला असतो, त्याचे ऐकून घ्यायचे. घरट्यापुरती दोन-चार वाफ्यांएवढी जागा सोडली तर एकूण धानात किती फरक पडतो, हे त्याच्याच हिशेबाने मांडायचे. गुजरातेत खेडा जिल्ह्यात सारसाने धानाचे किती नुकसान केले हे संशोधकांनी मोजले होते. ते अगदी थोडे निघाले. हळूहळू गावोगावी सारसमित्र तयार झाले. घरट्याजवळ कुत्री जाऊ द्यायची नाहीत, अंड्यांना कोणी हात लावायचा नाही, त्या बांधीत महिनाभर औषध फवारायचे नाही, एवढी साधी राखण. घरटे सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांचे सत्कार झाले, जिल्ह्यात सारस महोत्सव भरू लागला. चारांचा आकडा वाढत वाढत दीड दशकात चाळिशीच्या घरात गेला. नदीपलीकडे बालाघाटातही तितक्याच नेटाने गणना सुरू झाली, कारण सारसाला राज्याची हद्द कळत नाही. सकाळी तो गोंदियात चरतो आणि संध्याकाळी वैनगंगा ओलांडतो.

एक प्राणी धरून त्याच्या मागे सगळा परिसर सावरण्याची ही वाट जगात इतरत्रही चोखाळली गेली आहे. तिचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले. तिथे काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसाएवढा प्राणी राहतो. १९७९ च्या सुमारास तो संपला असे मानले गेले. सप्टेंबर १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात मीटीटसी गावाजवळच्या एका कुरणावर शेप नावाच्या पाळीव कुत्र्याने एक मेलेला फेरेट मालकाच्या दारात आणून टाकला, आणि शोध घेता तिथे छोटीशी वसाहत सापडली. तिच्यातही रोग शिरला. १९८७ पर्यंत उरलेले अठरा प्राणी पकडून त्यांची पैदास करावी लागली आणि १९९१ पासून त्यांची पिल्ले पुन्हा मैदानात सोडण्यात आली.

पण फेरेट सोडायचा कुठे? तो जगतो प्रेअरी डॉग या बिळे करून राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यावर. खातो त्यालाच आणि राहतो त्याच्याच बिळात. पशुपालकांनी तर प्रेअरी डॉग गवत खातात म्हणून दशकानुदशके विष घालून मारले होते. फेरेटसाठी ती मारामार काही ठिकाणी थांबवावी लागली, बिळांत औषध टाकून प्लेगचे पिसू मारावे लागले. फेरेटच्या निमित्ताने जी बिळे वाचली त्यांत बिळातली घुबडे राहतात, साप राहतात. बिळांभोवतीच्या खुडलेल्या आखूड गवतात मैदानी टिटवीच्या कुळातले पक्षी अंडी घालतात. एका प्राण्याची छत्री उघडली आणि तिच्याखाली सारे कुरण आले. संवर्धनशास्त्रात अशा प्राण्याला छत्री प्रजाती म्हणण्याची पद्धत पडली आहे.

महाराष्ट्राने गवताळ माळासाठी अशीच छत्री उघडली होती, तिचे नाव माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर १९७२ मध्ये बी. एस. कुलकर्णी यांनी माळढोक पाहिल्याची नोंद केली आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर; त्यात गावे, शहरे, शेते, रस्ते सगळे आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोक नाराज झाले आणि पक्ष्याचे नाव निघाले की कपाळाला आठ्या पडू लागल्या. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. जो माळ खरोखर राखला गेला तिथे गवत परतले. नान्नजला आज काळवीट आहेत, लांडगे आहेत, चंडोल आहेत. माळढोक मात्र जवळजवळ दिसेनासा झाला. छत्रीने माळाला सावली दिली, पण ती धरणारा हात वेळेवर सोबत आला नाही.

गोंदिया-भंडाऱ्याच्या सारसाला नान्नजसारखे अभयारण्य कधी मिळाले नाही. त्याला मिळाले शेतकरी. यात धोका आहे, कारण शेतकऱ्याचे मन, भाव, पाऊस सगळे दर वर्षी बदलते. पण यातूनच सारसाच्या छत्रीखाली काय काय येते हेही उघड होते.

पहिले येते ते औषध. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सारस मरून पडू लागले. तपासणीत आजूबाजूच्या शेतांत वापरलेल्या अल्ड्रिन या कीटकनाशकाचा विषार सापडला. सारसाबरोबर दाणे टिपणारे लहान पक्षीही गेले होते. धानाच्या बांधीत पडलेले औषध सारसाला लागायच्या आधी बेडकाला, माशाला, चतुराच्या अळीला लागते, आणि हे सगळे जीव धानावरच्या किडी खाणारे. घरट्याच्या बांधीत फवारणी थांबली की त्या पाण्यात बेडकांची अंडी तरतात, चतुर वाढतात, ढोकरी-बगळे उतरतात. राखण सारसाची झाली, पण जगले ते बांधीचे अख्खे पाणी.

दुसरे येतात ते मासे आणि ढिवर. तलावांचे एक वेगळे काम याच मुलखात चालू आहे, आणि ते सारसासाठी सुरू झालेले नाही. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या वतीने अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजातल्या जाणत्यांना विचारले की तलावातले मासे का कमी झाले. उत्तर आले: पाण्यातले गवत गेले. रोहू, कटला यांचे बीज बाहेरून आणून सोडले जाते, पण मरळीसारखे गावरान मासे ज्या पाणवनस्पतींत अंडी घालतात त्या बेशरमीखाली, गाळाखाली नाहीशा झाल्या. मग काम ठरले. आधी बेशरम मुळासकट उपटायची. उन्हाळ्यात तलावाचा उघडा पडलेला तळ नांगरायचा. दुसऱ्या चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पतींचे कंद, रोपे आणून पाऊस पडल्यावर उथळ पाण्यात लावायची, जशी धानाची रोवणी करतात तशीच. गावरान मासे सोडायचे. यात ढिवर बायांचे गट पुढे झाले, कारण तलावात कंबरभर पाण्यात उभे राहून काम करण्याचा अनुभव त्यांचाच.

काही वर्षांत मासे वाढले, बदके परत दिसू लागली. इथे दोन वाटा एकत्र येतात. ढिवराला मरळीसाठी जी उथळ, गवताळ कड हवी असते तीच सारसाला घरट्यासाठी हवी असते. कोणाचे नाव घेऊन काम सुरू केले याने तलावाला फरक पडत नाही. पडतो तो कड उथळ राहिली की नाही याने.

तिसरी येते नदी. उन्हाळ्यात सारस वैनगंगा आणि बाघ नदीच्या उथळ पात्रांकडे सरकतात. तिथे वाळूचे पट्टे, डबकी, काठाची टरबूज-काकडीची वाडी, आणि आता रेतीघाटांवरच्या ट्रॅक्टरांच्या रांगाही. भंडारा जिल्ह्याला वैनगंगेच्या रेतीने पैसा दिला आणि तिच्या पात्राला खड्डेही दिले. सारसाच्या उन्हाळी मुक्कामाचा विचार करायचा तर रेतीघाटाचा विचार टाळता येत नाही.

आणि चौथी, तलावात मावणारे पाणी. गाळाने भरलेला तलाव पावसाचे पाणी थोडेच धरतो, उरलेले नाल्यांतून नदीला जाते. २०२० चा महापूर मामा तलावांनी अडवला असता असे कोणी म्हणणार नाही. तो मोठ्या पावसाचा आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा पूर होता. तरी सहा हजार तलाव थोडे थोडे खोल झाले तर पावसाळ्यानंतर चार महिने विहिरींना पाणी असते, आणि रब्बीला बांधीत लाखोळी-हरभरा उभा राहतो, हे धान पिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

सारसांची वाढ मात्र टिकली नाही. गोंदियातला चाळिशीचा आकडा पुन्हा खाली आला, तिशीकडे आणि त्याखाली घसरत गेला. कारणांत पहिल्या ओळीला आल्या विजेच्या तारा. एवढ्या मोठ्या पक्ष्याला झटकन वळता येत नाही. पहाटेच्या धुक्यात किंवा तिन्हीसांजेला उतरताना तो तारेवर आदळतो. के. एस. गोपी सुंदर यांनी उत्तर प्रदेशात केलेल्या अभ्यासात दर वर्षी जवळजवळ एक टक्का सारस तारांमुळे मरतात असे आढळले होते. तिथे सारस हजारोंनी आहेत, म्हणून तो फटका पचतो. गोंदियात एक सारस तारेला चिकटला तर ती एक जोडी फुटते, एक घरटे कमी होते, आणि नवी जोडी जमेपर्यंत वर्षे जातात.

सारस कमी होत असल्याच्या बातम्यांची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या नेमायला लावल्या. वीज वितरण, पाटबंधारे, कृषी, वन अशी खाती, जी एरवी एका टेबलाशी क्वचित बसतात, ती एका पक्ष्याच्या निमित्ताने एकत्र बोलावली गेली. सारस उतरतो त्या तलावांवरून जाणाऱ्या तारांचे काय करायचे, तलावांच्या हद्दी कशा आखायच्या, फवारणीबद्दल शेतकऱ्यांशी कोण बोलणार, असे प्रश्न सरकारी कागदावर आले. सत्तर वर्षांपूर्वी मालगुजारी गेली तेव्हा तलावाला जो विचारणारा उरला नव्हता, त्याची जागा आता निदान बैठकीच्या टिपणात तरी भरून निघाली आहे. खरे काम त्या टिपणाच्या पुढे आहे, तारांच्या खांबाखाली आणि बांधीच्या धुऱ्यावर.

गणना दर वर्षी जूनमध्ये होते, मृगाच्या आसपास. तलाव तेव्हा सर्वांत आटलेले असतात आणि सारस उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. वनखात्याची माणसे, ‘सेवा’चे कार्यकर्ते आणि सारसमित्र शेतकरी उजाडायच्या आधी ठरलेल्या तलावांवर जाऊन बसतात. नदीच्या अलीकडे एक तुकडी, पलीकडे बालाघाटची, एकाच वेळी, म्हणजे एक पक्षी दोनदा मोजला जाऊ नये. अंधार विरघळतो तशी पाण्यात उभी असलेली राखाडी आकृती दिसू लागते. जोडी, जोडी, एकटा, जोडीबरोबर गेल्या पावसाळ्यातले पिल्लू, मानेचा तपकिरी रंग अजून पुरता लाल न झालेले. वहीत आकडा पडतो.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत नांगर जुंपले जातात, पऱ्हे टाकले जातात, तलाव पाणी धरू लागतात. बाघ फुगते, बावनथडी फुगते, आणि कारध्याच्या पुलाजवळ नव्या पाण्याची पातळी लिहिली जाऊ लागते.